बांडगुळावरचं बांडगूळ
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि या उकाड्यातही वेळेवर आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘परजीवी आदिजीवांच्या जनुकसंचातील फिरते घटक’. म्हणजे एकपेशीय परजीवींच्या डीएनएमध्ये जागा बदलत फिरणारे तुकडे. विषय मीच दिला होता आणि त्यावरच बोलणार आहे, पण सुरुवात आंब्याच्या झाडापासून करतो. या विषयाकडे मी त्या झाडावरूनच आलो.

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. घरामागे कलमं होती. पावसाळा सरला की अण्णा, म्हणजे माझे वडील, कोयती घेऊन बांडगुळं काढायला झाडावर चढायचे आणि मी खाली पडलेलं गोळा करायचो. बांडगूळ नुसतं ओरबाडून भागत नाही. त्याची मुळी फांदीच्या आत शिरलेली असते, म्हणून फांदीच हातभर मागून कापावी लागते. एवढी चांगली फांदी कशाला तोडता, असं मी विचारलं की अण्णा म्हणायचे, “आता कुठलं झाड नि कुठलं बांडगूळ, ते सांग बघू.” आणि ते पसरतं कसं? फुलटोच्या नावाचा चिमणीहूनही लहान पक्षी त्याची फळं खातो. बी इतकं चिकट, की पक्ष्याच्या अंगालाच लागून राहतं. मग तो ते पुढच्या फांदीवर घासून काढतो आणि तिथं नवं बांडगूळ उगवतं. बियाला ना पाय ना पंख, तरी ते बागभर फिरतं.

एकदा अण्णांनी तोडलेलं बांडगूळ माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, “नीट बघ.” त्या बांडगुळाच्या काडीवर आणखी एक झुडूप होतं. पानं बारकी, जाडसर, रंग वेगळा. बांडगुळावर बांडगूळ! अण्णांनी विचारलं, “हे कुणाचं खातंय?” मी म्हटलं, बांडगुळाचं. “आणि बांडगूळ कुणाचं खातंय?” आंब्याचं. “मग हे कुणाचं खातंय?” मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. उत्तर दिलं नाही, पण प्रश्न मात्र जन्मभर पुरला.

आता झाडावरून खाली उतरून माणसाच्या पोटात जाऊ. या सभागृहात असं एखादं घर आहे का, ज्यात कुणालाच कधी आव झाली नाही? असेल तर हात वर करा... बघा, एकही हात नाही. सगळीच आव अमिबामुळे होते असं नाही, पण अमिबाची आव आपल्याकडे घराघरात माहीत आहे. हा अमिबा १८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये लोश नावाच्या डॉक्टरांनी एका आजारी माणसाच्या शौचात पाहिला. पुढे त्याचं नाव पडलं एन्टामिबा हिस्टोलिटिका. हिस्टोलिटिका म्हणजे ऊती विरघळवणारा. मोठ्या आतड्यात राहतो, भिंत पोखरतो, कधी यकृतात जाऊन गळू करतो. हे आपलं पहिलं बांडगूळ.

दुसरं बांडगूळ त्याच्या पेशीत, थेट डीएनएमध्ये बसलेलं आहे. अमिबाच्या जनुकसंचाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग अशा तुकड्यांचा आहे, जे स्वतःची नक्कल काढून ती दुसरीकडे चिकटवतात. त्यातल्या मोठ्या तुकड्यांना ‘लाइन’ म्हणतात. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ समजा; एक लाइन साधारण ४,८०० अक्षरांची. तिच्याकडे स्वतःची अवजारं आहेत. डीएनएचा एक धागा कातरणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तिचं स्वतःचं, आणि आरएनएवरून, म्हणजे डीएनएच्या कामचलाऊ प्रतीवरून, उलट डीएनए लिहिणारं विकरही तिचंच. आधी तिची आरएनए प्रत निघते, मग विकर नव्या जागी डीएनएला चीर देतं आणि त्या चिरेच्या टोकापासूनच नवी नक्कल लिहायला लागतं. कलम बांधताना आधी चीर द्यावी आणि मग डोळा बसवावा, तसंच.

छोट्या तुकड्याचं नाव ‘साइन’. लांबी सुमारे साडेपाचशे अक्षरं. हिच्याकडे एकही अवजार नाही. पण हिच्या शेपटाकडची अक्षरं लाइनच्या शेपटासारखी आहेत, त्यामुळे लाइनचं विकर हिलाही उचलतं आणि नव्या जागी नेऊन लावतं. म्हणजे साइन जगते लाइनवर, लाइन अमिबावर आणि अमिबा आपल्यावर. अण्णांच्या प्रश्नाला इथं आणखी एक पायरी लागली. आणि फुलटोच्या कोण, ते तुम्हाला आता कळलंच असेल.

हे सगळं फक्त परदेशात शोधलं गेलं असं समजू नका. अमिबाच्या लाइन-साइनवरचं जगातलं अतिशय भक्कम काम दिल्लीत, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, सुधा भट्टाचार्य यांच्या गटानं वर्षानुवर्षं केलं. हे नाव आपल्या मुलांना माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एक दुखणं सांगतो. अनेकांनी ऐकलंय, पण मी ते सांगत राहणार. नव्वदच्या दशकात मी एका प्रयोगशाळेत अमिबाच्या नमुन्यांवर काम करत होतो. रुग्णांच्या शौचातून अमिबा वाढवायचा, डीएनए काढायचा आणि एका ठरलेल्या जागेचा पीसीआर करायचा, म्हणजे तेवढ्याच तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या. मग जेलच्या थरातून हे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायचे. जेलवर ४०० अक्षरांच्या जागी एक पट्टी यायला हवी. बहुतेक नमुन्यांत ती यायची. काही नमुन्यांत मात्र ती यायचीच नाही, वर ९५०च्या आसपास एक पट्टी दिसायची. आणि काहींत दोन्ही. मी वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, नमुना अशुद्ध आहे, परत करा. परत केलं. तेच आलं. अकरा वेळा केलं, अकराही वेळा तेच आलं. मंडळी, अशुद्ध नमुना अकरा वेळा एकाच जागी पट्टी देत नाही. पण मी तरुण होतो, पुढची शिष्यवृत्ती त्यांच्या सहीवर होती. मी वहीत लिहिलं ‘अशुद्ध, रद्द’ आणि ते नमुने निर्जंतुक करून टाकून दिले. सात रुग्णांचे अमिबा होते ते.

२०१३ साली अमिबाच्या वाणांमधल्या साइनच्या जागांवरचा शोधनिबंध वाचत होतो. एकाच जागी एका वाणात साइन बसलेली, दुसऱ्यात ती जागा रिकामी. म्हणून पीसीआरमध्ये एकाची पट्टी लहान, दुसऱ्याची मोठी, आणि फरक साइनच्या लांबीएवढा. अमिबात गुणसूत्रांच्या अनेक प्रती असतात, तेव्हा काही प्रतींत साइन असेल आणि काहींत नसेल तर दोन्ही पट्ट्या येणार. ९५० वजा ४००. ती वजाबाकी मी रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात उभा राहून केली. माझे नमुने उरले नाहीत, त्यामुळे ते साइनच होतं हे मला सिद्ध करता येणार नाही. पण या खुणांवरून कुणाचा अमिबा कुठल्या वाणाचा, हे ओळखता येतं. त्या सात जणांपैकी दोघांच्या यकृतात गळू होतं. कुठला वाण आतड्यात थांबतो आणि कुठला यकृतात जातो, याचा थोडासा तरी माग तिथं लागला असता का, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

माझा राग आहे तो ‘कचरा’ या शब्दावर. अशा डीएनएला कचरा म्हणायची पद्धत पडली आणि ती मराठी पुस्तकांतही आली. एकदा कचरा म्हटलं की माणूस तिकडे बघतच नाही, झाडून टाकतो. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून १९५१ मध्ये सांगितलं होतं की जनुकीय घटक जागा बदलतात. त्यांना नोबेल मिळालं १९८३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी. बत्तीस वर्षं, मंडळी!

...अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. आठ मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्हाला बोलावलं तो भाग आता भराभर सांगतो, रागावू नका.

माझं म्हणणं असं, की हे तुकडे बिनभाड्याचे खरे, पण ते कुठं बसलेत त्यावरून घराचा कारभार बदलतो. अमिबाचंच बघा. आपल्या पेशींना भोकं पाडणारं अमिबापोर नावाचं एक प्रथिन त्याच्याकडे आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत मिरेलमन यांच्या गटानं या जनुकाच्या आधीचा तुकडा बाहेरून अमिबात घातला. त्या तुकड्यात अर्धवट साइन होती. जनुक बंद पडलं. मग घातलेला तुकडा काढून घेतला, तरी ते बंदच राहिलं, आणि तो अमिबा रोग करेनासा झाला.

दुसरं, काळा आजाराच्या कुळातला लेश्मानिया. याची जनुकं लांबलचक माळेसारखी एकदम वाचली जातात, प्रत्येकाला वेगळं बटण नाही. मग कुठलं प्रथिन किती करायचं हे ठरतं आरएनए किती टिकतो यावर. लेश्मानिया मेजरमध्ये फिरत्या जनुकांचे सुमारे २,००० मेलेले अवशेष आहेत, ‘सायडर’ नावाचे. २००७ साली कॅनडा आणि फ्रान्सच्या संशोधकांनी दाखवलं की हे अवशेष जनुकांच्या शेपटाशी बसले आहेत आणि काही आरएनए लवकर मोडायला लावतात. उडी मारायची ताकद कधीच गेली, पण नोकरी लागली. याच्या चुलत घराण्यातल्या, आफ्रिकेत निद्रारोग करणाऱ्या ट्रिपॅनोसोमात मात्र ‘इंगी’ नावाचे तुकडे आहेत. स्वाहिली भाषेत इंगी म्हणजे पुष्कळ. कचरा म्हणण्यापेक्षा हे नाव कितीतरी चांगलं!

तिसरं, सगळीकडे सारखं नाही. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या ट्रायकोमोनास या परजीवीचा जनुकसंच सुमारे १६ कोटी अक्षरांचा, आणि त्याचा दोन तृतीयांश भाग अशा पुनरावृत्तींनी भरलेला. उलट घातक हिवतापाच्या प्लास्मोडियममध्ये २ कोटी ३० लाख अक्षरं. २००२ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा फिरता घटक एकही सापडला नाही. मग संशोधकांनी काय केलं, तर पतंगाच्या पेशींत सापडलेला ‘पिगीबॅक’ नावाचा फिरता तुकडा त्यात सोडला. तो जवळजवळ कुठेही जाऊन बसतो आणि तिथलं जनुक मोडतो. २०१८ साली अशा ३८,००० हून जास्त बदलांच्या नोंदीतून २,६८० जनुकं रक्तातल्या अवस्थेत जगण्यासाठी अत्यावश्यक ठरली. औषध कुठं मारायचं, त्याची ही यादी. पतंगाच्या बांडगुळानं ती काढून दिली.

अध्यक्ष उठले आहेत, थांबतो. नमुने गेले, पण त्या जेलचा एक पोलरॉइड फोटो वहीत चिकटलेला राहिला होता, तो आज आणलाय. पिवळा पडलाय, तरी तिसऱ्या आणि सातव्या रांगेतली वरची पट्टी स्पष्ट दिसते. पहिल्या ओळीपासून मागे फिरवा. कडेला धरा, मध्ये बोट लावू नका.