प्रोफेसर केळफाचं बडोदं

(दृश्य : राजमहाल रोडवरचं कलाभवन. फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या मोटारसायकली, चहाची टपरी, पाठीला सॅक लावलेली मुलं.)

निवेदन :

बडोद्यात रिक्षावाल्याला कलाभवन म्हणालात, तर तो तुम्हाला इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारात आणून सोडेल. आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा आज इथंच आहे. दादासाहेब फाळके बडोद्यात शिकले, एवढंच ऐकून येणारा माणूस आधी फाईन आर्ट्सला जातो. पण ती विद्याशाखा १९५० सालची. फाळके वारले १९४४ साली.

कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलं, ते हुन्नर शिकवण्यासाठी. कापड रंगवणं, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, बांधकामाचे नकाशे, आणि याच पंगतीला चित्रकला. प्राचार्य होते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, मूळचे रसायनशास्त्राचे. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं, तेव्हा ते डाग काढून देणारे हेच गज्जर. अशा माणसाच्या हाताखाली चित्रकलासुद्धा आम्ल, क्षार आणि काचेच्या भांड्यांच्या शेजारीच शिकली जायची. फाळक्यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवं.

(दृश्य : सुरसागर तलाव. पलीकडे दांडिया बाजारातली जुनी लाकडी घरं.)

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ड्रॉइंगचं एक वर्ष झालं आणि थोरल्या भावाबरोबर, शिवरामपंतांबरोबर, हा सोळा वर्षांचा मुलगा बडोद्याला आला. जाता जाता एक सांगतो. ज्यांच्या राज्यात तो आला ते सयाजीरावही नाशिक जिल्ह्यातलेच, कवळाण्याचे. एक शेतकऱ्याच्या घरातून दत्तक येऊन गादीवर बसला, आणि दुसरा भावाच्या आधारानं शिकायला आला.

आता तो काय काय शिकला ते ऐका. तैलरंग. जलरंग. वास्तुकलेचे आराखडे. मातीची मॉडेलं. १८९०च्या सुमारास एक कॅमेरा घेतला आणि फोटो काढणं, धुणं, छापणं सुरू केलं. मग गज्जरांनी त्याला रतलामला धाडलं, ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचे धातूचे ठसे, करायला शिकण्यासाठी.

हे ब्लॉकचं काम जरा समजून घेऊ, कारण ते फार कुणी सांगत नाही. शाई एक तर कागदावर लागते नाही तर लागत नाही. फिकट काळं असं छापखान्याला काही माहीत नसतं. मग फोटोतली करडी छटा छापायची कशी? बारीक जाळी आखलेली काच मध्ये धरून फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा. चित्राचे ठिपके होतात. अंधारात मोठे, उजेडात बारीक. ते ठिपके धातूच्या पत्र्यावर उतरवायचे, पत्रा आम्लात सोडायचा, नको तेवढा भाग खाऊ द्यायचा. क्षणभर उशीर झाला की ठिपके गळतात आणि चेहऱ्यावर डाग येतो. तीन रंगांत छापायचं असेल तर हेच तीनदा, आणि तिन्ही एकमेकांवर बरोबर बसले पाहिजेत. अंधारखोलीत उभं राहून, डोळे फोडून करायचं काम. छापून आलेल्या पानावर ब्लॉक करणाऱ्याचं नाव नसतं.

१८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल ठेवलं आणि सुवर्णपदक मिळवलं. पुढच्या वर्षी गज्जरांनी कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. तिथं फाळक्यांनी स्वतःच्या नावानं ठसे आणि फोटो छपाईचं काम सुरू केलं. म्हणजे बघा, वय तेवीस, पदरात सुवर्णपदक, हातात पाच-सहा विद्या, पाठीशी खुद्द प्राचार्य. आजच्या कुठल्याही सत्कारात शोभेल असा परिचय.

आणि घर चालत नव्हतं.

माझं मत विचाराल तर यात नवल काहीच नाही. ब्लॉक लागतो तो छापणाऱ्याला, आणि सचित्र छापणारे बडोद्यात तेव्हा असून असणार किती? विद्या नवी होती. गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं.

१८९५ साली त्यांनी धंदा म्हणून फोटोग्राफी करायची ठरवलं आणि गोध्र्याला बिऱ्हाड हलवलं. गोध्रा बडोद्याच्या ईशान्येला, छोटं गाव. तिथं प्लेग आला. पहिली पत्नी आणि मूल त्यात गेलं.

(इथं निवेदन थोडा वेळ थांबेल. पडद्यावर काहीही लिहू नये.)

फाळके बडोद्याला परतले. पुन्हा फोटोचं दुकान मांडलं. या खेपेला आड आली एक अफवा. कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की माणूस मरतो.

या गोष्टीवर आज प्रेक्षागृहात हशा येतो. मला तो जरा सवंग वाटतो. त्या वर्षांत घराघरातून माणसं जात होती. कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस चार दिवसांत नाहीसा होई आणि का, ते कुणाला कळत नसे. अशा गावात एक माणूस काळं फडकं डोक्यावर घेतो, समोरच्याला म्हणतो हलू नका, श्वाससुद्धा जपून, आणि काचेवर त्याची उलटी सावली धरून अंधाऱ्या खोलीत निघून जातो. भीती वाटायला एवढं पुरेसं होतं. खुद्द राजघराण्यातून फोटोला नकार आला आणि फाळक्यांनी समजूत घालून तो मागे घ्यायला लावला, असंही सांगतात. पण राजवाड्यानं मानलं म्हणून गल्ली मानते असं नाही. दुकान बसलं.

(दृश्य : रंगवलेला जुना नाटकाचा पडदा, राजवाड्याचा. कॅमेरा खांबांच्या रांगेवरून हळूहळू आत सरकतो.)

मग त्यांनी धरलं पडदे रंगवायचं काम.

संगीत नाटकांचा तो भराचा काळ. कंपनी गावोगाव फिरायची आणि तिच्याबरोबर पडद्यांच्या वळकट्या फिरायच्या. राजवाडा, रस्ता, अरण्य, देऊळ. एवढे चार पडदे असले की बहुतेक नाटकं निघायची. पडदा जमिनीवर पसरायचा, खळ घातलेल्या रंगांनी भरायचा, आणि तो रंगवायचा शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी. जवळून बघितलं तर नुसते फटकारे. लांबून बघितलं तर खांब मागे मागे जाताना दिसले पाहिजेत. जे. जे.मध्ये आणि कलाभवनात जे यथार्थदर्शन शिकवलं होतं, ते इथं गुडघ्यावर बसून, रांगत, फूट-फूट करून वापरायचं. नाटकवाल्यांत ऊठबस वाढली तशी फाळक्यांना लहानसहान भूमिकाही मिळाल्या. कंपनी कशी उभी राहते, कोण रुसतं, पैसे कुठं गळतात, हे त्यांनी विंगेतून पाहिलं.

आणि याच सुमारास बडोद्यात एक जर्मन जादूगार दौऱ्यावर आला. फाळक्यांनी त्याच्याकडून जादू शिकून घेतली. १९०१च्या अखेरीला ते स्वतः जाहीर प्रयोग करू लागले. नाव घेतलं प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा.

शास्त्रीबुवांचा मुलगा, सुवर्णपदकाचा मानकरी, तिशी उलटलेला, विधुर, आणि टोपीतून वस्तू काढून दाखवतोय. त्या वेळच्या बडोद्यातल्या एखाद्या ओसरीवर याची चर्चा झाली असेल तर काय सूर लागला असेल, ते मराठी घरात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आता इथं एक मोह होतो, आणि फाळक्यांवर बोलणारे बहुतेकजण त्याला बळी पडतात. म्हणायचं, बघा, हे सगळं पुढं सिनेमाला उपयोगी पडलं, ही तर तयारी होती. उपयोगी पडलं हे खरंच. पण तयारी? फाळके ब्लॉक शिकत होते तेव्हा सिनेमा नावाची वस्तू जगात नव्हती. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन पहिला खेळ दाखवला १८९५च्या डिसेंबरात. म्हणजे फाळके गोध्र्याला गेले त्याच वर्षी. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तो खेळ पोचला ७ जुलै १८९६ला. ज्या धंद्यासाठी ही तयारी चालली होती असं आपण म्हणतो, तो धंदाच नव्हता. फाळक्यांपुरतं ते बसलेलं दुकान म्हणजे बसलेलं दुकानच होतं.

शिवाय जे उपयोगी पडलं नाही ते आपण सोडून देतो. चिनी मातीवर तीन रंगांत फोटो उतरवण्याची एक विद्या त्यांनी मेहनतीनं मिळवली होती. तिचं पुढं काय झालं? काही नाही.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. मुलगी गिरिजा करंदीकर, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची भाची. लग्नानंतर सरस्वती. दुसऱ्याच वर्षी पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. सरकारी पगार, ठरलेली तारीख. घरातल्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल तर तो फार टिकला नाही. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचं वारं वाहू लागलं आणि १९०६ साली फाळक्यांनी ती नोकरी सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. तिथं मुख्य काम आलं ते रविवर्म्याच्या छापखान्याचं, चित्रं शिळेवर उतरवून देण्याचं. मग छापखाना दादरला आला, भागीदार बदलले, नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. यंत्रं आणायला फाळके १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालला, आणि चांगला चाललेला असतानाच भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले ते रिकाम्या हातानं.

१९११. वय एकेचाळीस. पदरी मुलं, हातात काम नाही. अशा दिवसांत गिरगावात तंबूतल्या एका खेळात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि राम-कृष्ण पडद्यावर आणायचं डोक्यात घेतलं. रात्रंदिवस चित्रपट बघून आणि प्रयोग करून डोळे गेले. काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विमा गहाण टाकून कर्ज काढलं आणि १९१२च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. परत आले ते विल्यमसन कॅमेऱ्याचा व्यवहार पक्का करूनच.

(दृश्य : रील, छिद्रं पाडण्याचं यंत्र, कुंडीतला वाटाण्याचा कोंब.)

भांडवल देणाऱ्याला पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडाथोडा चित्रित केला. पडद्यावर वेल भराभर वर चढला. प्रोफेसर केळफाला हे सुचणं साहजिकच होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ करायला घेतला तेव्हा राजवाड्याचे पडदे रंगवायला बाहेरून कुणी बोलवायला नको होतं. निगेटिव्ह धुताना रसायनाचा अंदाज नव्यानं शिकावा लागला नाही. देव क्षणात प्रकट व्हायला हवा, तर कॅमेरा थांबवायचा, माणूस उभा करायचा, कॅमेरा पुन्हा फिरवायचा. ही हातचलाखी ज्यानं भर सभेत केली होती, त्याला बंद स्टुडिओत करायला काय अवघड? ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट.

पण ती फिल्म यायची ती कोरी. कडेची छिद्रं पाडलेली नसत. अंधाऱ्या खोलीत बसून ती छिद्रं पाडणं सरस्वतीबाईंच्या वाट्याला. रसायनं कालवणं त्यांच्याकडं. उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांच्या तोंडावर उजेड पाडणं त्यांच्याकडं. आणि एवढं करून सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडंच. दागिने आधीच गेले होते. फाळक्यांच्या अपयशांची यादी करताना त्यांचं खातं वेगळं मांडलं पाहिजे, कारण धंदा बदलायचं ठरवायचे फाळके, आणि त्याची किंमत मोजायचं घर.

यशानंतर अपयश संपलं असंही झालं नाही. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत पुन्हा भागीदार, पुन्हा बेबनाव. सगळं सोडून काशीला गेले, तिथं नाटक लिहिलं, ते चाललं नाही. परत आले. बोलपट आला आणि त्यांची पद्धत जुनी ठरली. १९३७चा ‘गंगावतरण’ शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकला ते गेले.

(दृश्य : ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती.)

ही तारामती. या कामाला बाई मिळेना. फाळके नाचगाण्याच्या कोठीवरसुद्धा विचारून आले, तिथूनही नकार. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात आचाऱ्याचं काम करणारा नाजूक बांध्याचा मुलगा नजरेला पडला, अण्णा साळुंके. हॉटेलात दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच. लोकांना चालून गेलं. मग साळुंक्यांनी रंग पुसला, कॅमेऱ्याच्या मागे गेले, आणि मूकपटांचा काळ संपेपर्यंत कॅमेरामन म्हणून काम करत राहिले.