'गाव' लिहिलंय, तरी कॉलम सापडत नाही

मंडळी, कोडचा तुकडा, म्हणजे आपला रोजचा स्निपेट, साठवून ठेवणं सोपं आहे. तो कुठल्या दुखण्यावरचा होता हे सहा महिन्यांनी कळलं पाहिजे, तिथे गाडं अडतं.

समजा, लासलगावच्या कांदाभावाची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली साधी फाइल, पायथनमधून काढली. पहिला कॉलम 'गाव', नावं मराठीत. एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की 'निफाड'च्या जागी भलतीच अक्षरं. फाइल धडधाकट असते. ती यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये मांडायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) आहे हे एक्सेलला उमगत नाही, एवढंच. मग फाइल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्यायचं. फाइलीच्या डोक्यावर ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट बसतात आणि एक्सेल मुकाट्याने मराठी दाखवतं. तुकडा ग्रुपवर पडतो, पटापट अंगठे येतात.

पुढे कुणीतरी तीच फाइल साध्या यूटीएफ-८ने वाचतं. कीएरर! 'गाव' कॉलमच नाही म्हणे. स्क्रीनवर तर लख्ख दिसतोय. ते तीन बाइट वाचताना एक अदृश्य अक्षर होऊन पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटलेले असतात. लांबी मोजून बघा: 'गाव'ची तीन यायला हवी, येते चार. वाचतानाही 'सिग'च लावायचं. त्या तीन बाइटांची खूण नसलेली फाइलसुद्धा त्याने बिनबोभाट वाचली जाते. ग्रुपवरच्या तुकड्यात हे अर्धं वाक्य नव्हतं, आणि वेळ खाल्ला तो त्यानेच.

म्हणून तुकड्याच्या माथ्यावर लिहा: अडचण काय, पायथन कितवं, नमुन्याचा इनपुट कोणता, कुठे फसतं. शेवटचं कुणी लिहीत नाही. बाइटचे केबी-एमबी करून दाखवणारा जावाचा एक तुकडा २०१० साली स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर आला आणि असंख्य प्रोजेक्टांत जाऊन बसला. ९,९९,९९९ बाइट दिले की तो '१.० एमबी'ऐवजी '१०००.० केबी' दाखवायचा. ही चूक खुद्द लेखकानेच २०१९ मध्ये जाहीर केली. काठावरचा एक आकडा टाकून बघितला असता तर तेव्हाच दिसली असती. जाता जाता, तिथून उचललेल्या कोडला सीसी बाय-एसए (श्रेय द्या, त्याच अटींवर वापरा, असा) परवाना असतो. लेखकाचं नाव आणि लिंक कॉमेंटमध्ये हवी.

टीमसाठी जागा कुठली? व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर प्रोजेक्टच्याच '.व्हीएसकोड' फोल्डरमध्ये स्निपेटची फाइल ठेवा, गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाबरोबर सगळ्यांकडे जाते. शेलचे, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञांचे, तुकडे टाकताना मात्र जपा. डॉलरचं चिन्ह तिथे कर्सरच्या जागांसाठी राखीव आहे, त्यामुळे तुमच्या व्हेरिएबलपुढचा डॉलर गुपचूप गळतो. त्याच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा, आणि फाइल जेसन फॉरमॅटमधली असल्यामुळे (तिथे बॅकस्लॅशच्याही आधी बॅकस्लॅश लागतो) तो दोनदा. वर्डमध्ये तर कोड ठेवूच नका. सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि पायथन सिंटॅक्स एरर देतं.

गिस्ट म्हणजे तुकडे ऑनलाइन ठेवायची गिटहबची सोय. त्यातलं 'सीक्रेट' गिस्ट नावापुरतंच गुप्त. लिंक ज्याच्या हाती, त्याला ते दिसतं. त्यात एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) गेली असेल तर ओळ पुसून भागत नाही, जुनी आवृत्ती इतिहासात राहते. आधी ती की रद्द करून नवी घ्या, मग पुसापुशी.