शेवटचा हंगाम, वय वर्षे सतरा

मित्रहो,

आज मी ज्या मुलाविषयी बोलणार आहे तो सतरा वर्षांचा आहे. टेक्सासमध्ये डॅलस शहराच्या उत्तरेला पसरलेल्या एका उपनगरात आम्ही बरीच वर्षे राहिलो आणि तो आमच्या शेजारच्या घरात लहानाचा मोठा झाला. त्याचे नाव मी घेणार नाही. गेल्या मे महिन्यात त्याची अकरावी संपली. अमेरिकेत नववी ते बारावी अशा चार इयत्तांचे हायस्कूल असते आणि बारावीतल्या विद्यार्थ्याला तिथे सीनियर म्हणतात. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तो अंगणात भेटला तेव्हा मी विचारले, “आता सुट्टीत काय करणार?” त्यावर त्याने, जणू मी ऋतू कोणता आहे असे विचारले असावे इतक्या सहजपणे, सांगितले की आता फक्त सीनियर सीझनची तयारी. ते दोन शब्द त्याने ज्या आदराने उच्चारले, त्या आदराचा अर्थ मला हळूहळू उमगत गेला.

फुटबॉल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो खेळ येतो तो हा नव्हे, एवढे सुरुवातीलाच सांगतो. अमेरिकेतला फुटबॉल प्रामुख्याने हाताने खेळला जातो, चेंडू लांबट असतो आणि अकरा जणांचा संघ चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकला तर चेंडू त्याच्याकडेच राहतो. बाकीचे नियम आज आपल्याला लागणार नाहीत. लागणार आहे ते खेळाचे स्थान. त्या देशात दहा लाखांहून अधिक मुले हायस्कुलांच्या संघांतून हा खेळ खेळतात आणि शुक्रवारची रात्र त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असते. ‘राखून ठेवलेली’ हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. १९६१ साली एका कायद्याने व्यावसायिक लीगला आपल्या सामन्यांचे प्रक्षेपणहक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा मिळाली. त्याच कायद्यात अशी अट आहे की सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी, शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांपासून ७५ मैलांच्या आत असलेल्या केंद्रांवरून व्यावसायिक सामने दाखवले तर ती मुभा लागू होणार नाही. शाळकरी मुलांच्या सामन्याला येणारा प्रेक्षक घरी बसून राहू नये, याची काळजी देशाच्या संसदेने घेतली आहे.

टेक्सासमध्ये तर या प्रेमाला काँक्रीटचे रूप आले आहे. डॅलसजवळच्या ॲलन गावातील हायस्कूलचे मैदान २०१२ साली सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून उभे राहिले आणि तिथे अठरा हजार प्रेक्षक बसतात. दोनच वर्षांत त्याच्या काँक्रीटला तडे गेल्यामुळे ते बंद करावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा खुले झाले. दुसऱ्या टोकाला, ज्या खेड्यांतल्या शाळेत अकरा खेळाडूही जमत नाहीत तिथे सहा जणांचा फुटबॉल खेळतात. १९३४ साली नेब्रास्कातील स्टीफन एपलर नावाच्या शिक्षकाने मंदीच्या काळात लहान शाळांसाठी तो बेतला. त्याचे मैदान ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस यार्ड रुंद असते. मला स्वतःला ॲलनच्या मैदानापेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची वाटते, कारण मुले कमी आहेत म्हणून खेळ बंद करण्याऐवजी तिथे खेळच मुलांच्या मापाचा केला गेला.

आमचा या शुक्रवारांशी संबंध आला तो मुलीमुळे. ती शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. त्या उपनगरांतील अनेक मराठी कुटुंबे या खेळाकडे बँडच्याच वाटेने पोहोचली आहेत. मुलगी मध्यंतरात मैदानावर उतरणार, म्हणून आम्ही जात असू आणि आपसूक शेजारच्या मुलाकडेही लक्ष जाई. तो लेफ्ट गार्ड या जागेवर खेळतो, म्हणजे आक्रमणाच्या फळीत मधल्या खेळाडूच्या डावीकडे. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट मोकळी करून देणे, हे त्याचे काम. नियमाप्रमाणे पुढे फेकलेला चेंडू त्याला झेलता येत नाही. त्यामुळे सामन्याच्या नोंदीत धावणाऱ्याचे यार्ड असतात, झेलणाऱ्याचे झेल असतात, पण फळीतल्या या पाच जणांसमोर लिहिण्यासारखा आकडाच नसतो. तीन वर्षे सामने पाहिल्यावर मी चेंडूऐवजी या मुलाकडे पाहायला शिकलो, आणि त्यानंतरच मला हा खेळ कळू लागला असे मी म्हणेन.

आता हा मुलगा वाट कशाची पाहतो आहे, ते हिशेबाने पाहू. युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग ही टेक्सासमधील सरकारी शाळांच्या स्पर्धा चालवणारी संस्था आहे. तिच्या वेळापत्रकात साखळी फेरीचे दहा सामने असतात. ऑगस्टच्या अखेरीस सुरुवात होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ते संपतात. पुढे बाद फेरी, आणि मोठ्या शाळांच्या गटात विजेतेपदासाठी ओळीने सहा सामने जिंकावे लागतात. पण ते पुढचे पुढे. हमी आहे ती दहा सामन्यांची. प्रत्येक सामन्यात बारा मिनिटांचे चार भाग, म्हणजे घड्याळाची अठ्ठेचाळीस मिनिटे. दहा सामन्यांची झाली चारशे ऐंशी मिनिटे, म्हणजेच आठ तास. त्यातला साधारण निम्मा वेळ चेंडू विरुद्ध संघाकडे असतो आणि हा मुलगा बाकावर असतो. म्हणजे तिसरीपासून अंगावर पॅड चढवून वाढलेल्या या मुलाच्या हाती, सगळे सुरळीत पार पडले तर, चार तासांचा खेळ उरला आहे.

‘उरला आहे’ असे मी म्हणालो, कारण या खेळाचे हेच वैशिष्ट्य आहे आणि आपल्याकडच्या माणसाला ते सहज जाणवत नाही. कोल्हापूरच्या पेठेत फुटबॉल खेळणारा मुलगा शाळा सोडतो तेव्हा तालमीचा संघ त्याच्यासमोर असतो. क्रिकेट खेळणारा चाळिशीतही रविवारी मैदानावर उतरतो, कबड्डीपटू गावच्या मंडळाकडून खेळतो, आणि धावणाऱ्याला तर रस्ता पुरतो. अंगावर अंग आदळणारा हा फुटबॉल मात्र बावीस माणसे, हेल्मेट, पॅड, पंच, वैद्यकीय मदत आणि रोजच्या सरावातून मुरलेली शरीरे यांच्याशिवाय खेळताच येत नाही. म्हणून शाळेनंतर ज्याला महाविद्यालयाच्या संघात जागा मिळत नाही, त्याचा खेळ जवळजवळ नेहमीच तिथे संपतो. शंभर शाळकरी खेळाडूंपैकी सुमारे सात जणांनाच ती जागा मिळते. उरलेले त्र्याण्णव जण अठराव्या वर्षी निवृत्त होतात. आयुष्यात जिवापाड जपलेल्या एखाद्या गोष्टीचा शेवटचा दिवस आधीपासून ठाऊक असणे हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना साठीजवळ येतो, आणि ही मुले तो सतराव्या वर्षी घेतात. त्यांच्या उत्साहाला जो गंभीर सूर असतो त्याचे मूळ मला इथे दिसते.

पुढे जाण्याची वाट अलीकडे अधिक अरुंद झाली आहे. २०१८ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना संघ बदलण्यासाठी नाव नोंदवण्याची सोय झाली, तेव्हापासून प्रशिक्षकांचा ओढा शाळकरी मुलापेक्षा दोन-तीन वर्षे महाविद्यालयात खेळून तयार झालेल्या खेळाडूकडे वाढला. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, त्या तडजोडीत सामील झालेल्या महाविद्यालयांच्या संघांवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली आणि शिष्यवृत्तीशिवाय संघात सामावून घेतल्या जाणाऱ्या मुलांची जागा आक्रसली. आमच्या शेजाऱ्याची उंची पाच फूट अकरा इंच आहे. मोठी महाविद्यालये त्याच्या जागेवर सव्वासहा फुटांच्या आसपासची, तीनशे पौंडांकडे झुकणारी मुले शोधतात. तरीही त्याने आपल्या खेळाची चित्रफीत तयार करून तिसऱ्या श्रेणीतल्या काही लहान महाविद्यालयांना पाठवली आहे. त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तिथे खेळायचे तर स्वतःची किंवा आईवडिलांची फी भरून खेळायचे. दोन प्रशिक्षकांनी उत्तर दिले, आणि दोघांनीही सीनियर सीझनमधले पहिले तीन सामने पाहून कळवू असे लिहिले आहे.

त्याच्या आईच्या मनातली गोष्टही मांडली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल. बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांमुळे होणारा ऱ्हास आढळला. केवळ हायस्कूलपर्यंत खेळलेले चौदा जण त्यात होते, त्यांपैकी तिघांत तो आढळला. ज्या कुटुंबांना शंका होती त्यांनीच बहुतेक मेंदू दिले होते, त्यामुळे सर्व खेळाडूंचे प्रमाण यावरून काढता येत नाही, पण आईच्या झोपेला हा खुलासा पुरत नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर मुलाला लगेच बाहेर काढायचे आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय परत खेळवायचे नाही, असे कायदे वॉशिंग्टन राज्यापासून २००९ मध्ये सुरू झाले आणि पुढे सर्व राज्यांत आले. ते आवश्यकच होते. माझ्या मुलाने हा खेळ खेळायचे ठरवले असते तर मी नाही म्हटले असते, आणि हे मी त्या मुलाच्या वडिलांनाही सांगितले आहे. तरीही त्या मुलाने तीन वर्षांत जे कमावले ते मी नाकारू शकत नाही. १९८४ पासून टेक्सासमध्ये नियम आहे की एखाद्या विषयात सत्तरपेक्षा कमी गुण पडले की खेळ थांबतो. हा मुलगा रसायनशास्त्रात अडखळत होता तेव्हा संघातले दोन सहकारी रात्री त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्याकडून समीकरणे घोकून घेत होते, आणि आमच्या खिडकीतून ते दृश्य आम्ही आठवडाभर पाहिले.

आणखी एक आठवण त्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मनात आहे. २०२० साली कोविडच्या साथीत टेक्सासमधले हंगाम कसेबसे पार पडले, पण कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत शरद ऋतूतला हंगाम पुढच्या वसंतावर ढकलला गेला आणि तोही तोकडा झाला. त्या वर्षीच्या सीनियरांना पुढचे वर्ष नव्हतेच. या मुलाचा मावसभाऊ त्यांपैकी एक. तो कॅलिफोर्नियात राहतो, आता नोकरी करतो, आणि दर ऑगस्टमध्ये न चुकता या मुलाला फोन करून विचारतो की सराव सुरू झाला का.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सराव सुरू होतो. टेक्सासचा तो उन्हाळा आपल्या विदर्भातल्या मे महिन्याची आठवण करून देतो. उष्माघाताच्या भीतीने सुरुवातीचे दिवस पूर्ण पॅड घालू देत नाहीत आणि मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याने भरलेले टब तयार ठेवतात. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना आहे. त्या रात्री सामन्याआधी प्रत्येक सीनियर आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातो आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जाते. फळीतल्या मुलासाठी ते पुकारणे किती दुर्मीळ, ते मी मघाशी सांगितलेच. त्याच्या आईने ती तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर जूनमध्येच लाल शाईने गोल केली आहे.

मी त्याला त्या रात्रीबद्दल विचारले. त्याने खांदे उडवले आणि मला अंगणात उभे राहून दाखवू लागला की गेले दोन महिने तो एकाच गोष्टीवर मेहनत घेतो आहे: चेंडू हलला की डाव्या पायाचे पहिले पाऊल सहा इंचांचे पडले पाहिजे. आठ इंच पडले की तोल पुढे जातो आणि समोरचा आत शिरतो. गवतावर त्याने चुन्याने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. तो वाकला, एक हात जमिनीला टेकवला आणि मला म्हणाला, “काका, तुम्ही फक्त रेघेकडे बघा आणि सांगा.”