वही कोणाच्या हाती?

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या हंगामात कापूस घेऊन जिनिंगवर गेलो होतो. गाड्यांची लाइन पार रस्त्यापर्यंत आली होती. माझ्यामागच्या ट्रॉलीवर आमच्याच गावचं एक पोरगं मोबाइल चाळत बसलं होतं. एकदम म्हणालं, "काका, बिटकॉइन घेऊ का इथेरियम? थोडं थोडं घेतलं हाय दोन्ही, आता वाढवाव म्हणतो." मृगाच्या तोंडावर 'सोयाबीनचं जेएस ३३५ पेरू का फुले संगम' असं विचारावं, अगदी त्या सुरात.

मी सेवा सहकारी सोसायटीचा निवृत्त गटसचिव. भाव वर जाईल का खाली, हे मला कापसाचंही सांगता येत नाही. पण हयात रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात गेली, त्यामुळे वही चांगली की वाईट हे मला ओळखता येतं. आणि बिटकॉइन, इथेरियमसारखी ही सगळी संगणकावरची नाणी म्हणजे शेवटी वह्याच आहेत हो. कोणत्या खात्यावर किती, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं.

रोजकीर्दीत आजची अखेरची शिल्लक उद्याच्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून येते. चाळिसाव्या पानावर कुणी आकडा खोडला, की एकेचाळिसावं पान बोंब मारतं. या नाण्यांची वही लिहायची पद्धत, म्हणजे ब्लॉकचेन, हीच युक्ती पुढे नेते. पानाला तिथे ब्लॉक म्हणतात. पूर्ण पान गणितातून काढून त्याचा एक अंगठा घेतात, त्याला हॅश म्हणतात, आणि तो अंगठा पुढच्या पानावर उमटवतात. मागचा एक आकडा बदलला तरी अंगठा बदलतो आणि पुढचा सगळा ताळा मोडतो. माझी रोजकीर्द मात्र एकाच कपाटात होती. मी आणि अध्यक्ष एक झालो असतो, तर नवीन पानं लिहून जुनी चुलीत घालता आली असती. आम्ही तसं केलं नाही. पण ज्यांनी केलं, त्यांच्या चौकशीचे कागद मी वाचलेले आहेत.

सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक टिपण प्रसिद्ध झालं. त्यात यावर तोड होती: वहीची नक्कल हजारो संगणकांवर ठेवायची. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचं पहिलं पान लिहिलं गेलं. आता हजार कारकून झाले, तर पुढचं पान लिहायचं कोणी? समजा तुरीच्या पोत्यात एक रंगवलेला दाणा टाकला आणि सगळ्यांना शोधायला लावलं. शोधायला घाम निघतो, पण सापडल्यावर तो खरा का, हे पाहायला एक क्षण लागतो. बिटकॉइनमध्ये असा एक अंक शोधावा लागतो. ज्याला सापडला, तो पान लिहितो आणि मेहनतान्यात नवी नाणी घेतो. सरासरी दहा मिनिटांना एक पान. शोधणारे वाढले, तर दर २,०१६ पानांनी पोतं मोठं केलं जातं. मेहनताना सुरुवातीला ५० नाणी होता, तो साधारण चार वर्षांनी अर्धा होतो आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. म्हणून एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत.

खोटं पान लिहून ते टिकवायचं, तर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त दाणे चाळावे लागतील. इथेच या वहीचा भरवसा आहे आणि इथेच तिचा खर्च. या शोधात जेवढी वीज जाते, तेवढी एखाद्या देशाला वर्षभर पुरते. कोराडी-चंद्रपूरचा धूर बघत, ओलितासाठी रात्रीच्या लाइनची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसाला हे पचणं कठीण आहे. मलाही पचत नाही.

इथेरियम ३० जुलै २०१५ ला सुरू झालं, तेव्हा तिथेही असेच दाणे शोधत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी पोतं बाजूला ठेवलं आणि अनामत मागायला सुरुवात केली. लिलावात बोली लावण्याआधी आपण अनामत भरतो ना, तसंच. ज्याला पान लिहायचं त्याने ३२ इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, अडकवून ठेवायची. खोटं लिहिलं तर अनामत कापली जाते. वीज ९९ टक्क्यांहून जास्त वाचली आणि पान बारा सेकंदांना येऊ लागलं. मात्र ज्याच्याकडे अनामतीला पैसा जास्त, त्याच्या हाती लेखणी जास्त वेळा येते. हा रोग सहकारात आपण पाहिलेला आहे.

इथेरियमचं दुसरं वेगळेपण म्हणजे तिथे वहीत करारही लिहिता येतात, आणि ते आपोआप अमलात येतात. समजा, 'जुलैत सलग एकवीस दिवस पाऊस आला नाही, तर खात्यात विम्याची रक्कम टाका.' ना अर्ज, ना पंचनामा. ऐकायला फार गोड. पण पाऊस आला नाही, हे त्या वहीला सांगणार कोण? तिला आभाळ दिसत नाही. बाहेरून कुणीतरी आकडा भरावा लागतो, आणि तो येणार महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून. नाल्याच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे धूळ, हे आपलं शिवार. वही कितीही पक्की असो, भरलेला आकडा चुकीचा असला तर चूकच पक्की होते.

लाइटकॉइन हा २०११ चा, बिटकॉइनचाच धाकटा भाऊ. अडीच मिनिटांना पान, चौपट नाणी, त्यापलीकडे सांगण्यासारखं फार नाही. डोजकॉइन २०१३ मध्ये थट्टा म्हणून निघालं, त्यावर कुत्र्याचं तोंड आहे. दर मिनिटाला १०,००० नवी नाणी येतात आणि मर्यादा काहीच नाही. थट्टेवर लोकांनी खरे पैसे लावले, हे मला अजून नवल वाटतं.

टिथरसारख्या नाण्यांची जात वेगळी. एक नाणं म्हणजे एक डॉलर, असा त्यांचा शब्द असतो. मला ती गोदामाची पावती वाटते. पोती गोदामात असतील तोवर पावतीवर तारण कर्ज मिळतं. इथे वही सगळ्यांना दिसते, पण गोदामाची किल्ली कंपनीकडे. आणि टेराचं डॉलरनाणं तर पोत्यांशिवायच चालवलं होतं. दुसऱ्या नाण्याच्या आधाराने भाव टिकवू, असा हिशेब होता. मे २०२२ मध्ये दोन्ही नाणी काही दिवसांत मातीत गेली.

माझ्या साळ्यानेही नाणं घेतलं होतं. तालुक्याला एका मंगल कार्यालयात सभा झाली, चिवडा-पेढा मिळाला, आणि सोयाबीनचे पैसे गेले. मी त्याला एवढंच म्हटलं, "याची वही दाखव." बिटकॉइनचं पहिलं पान आजही कुणालाही मोबाइलवर बघता येतं. त्याच्याकडे होता फक्त ॲपमधला वाढणारा आकडा, आणि दोन माणसं आणली की तो आणखी वाढे. एक दिवस पैसे काढायचं बटण चालेना. ते नाणं कुठल्याच वहीत नव्हतं.

कराचंही सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून या व्यवहारातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया ही निराळी गोष्ट. तो रुपयाच आहे आणि त्याची वही रिझर्व्ह बँकेच्या हाती आहे.

हे सगळं मी त्या पोराला गाडी इंच-इंच सरकत असताना सांगितलं. त्याने ऐकूनही घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे माहं नाव त्या हजार वह्यांत हाय." मी म्हटलं, "त्या वहीत नावं नसतात, खाती असतात, आणि ज्याच्याकडे गुप्त किल्ली त्याचं खातं. तू ॲपवर घेतलंस. बहुतेक ठिकाणी किल्ली ॲपवाल्याकडे राहते, आणि तुझ्या नावाची नोंद त्याच्या घरच्या वहीत असते. स्वतःकडे किल्ली घेता येते, पण हरवली तर सातबाऱ्यासारखं तहसिलात अपील नाही."

तो गप्प झाला. मोबाइल उघडून वरपासून खालपर्यंत बघू लागला.

"काका, मंग माही चाबी कोठी हाय?"

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. लाइन सरकली होती आणि आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.