चौकीसमोरचं भांडण

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली बारा सत्कारात गेली. नारळ मिळाला, तक्रार नाही. विषय दिलाय ‘प्रतिसरकारातल्या स्त्रिया आणि इतिहासाची साधनं’. प्रतिसरकार म्हणजे बेचाळीसनंतर सातारा भागात इंग्रजांविरुद्ध उभं राहिलेलं समांतर सरकार, लोकांच्या तोंडचं पत्री सरकार. तिकडे येतोच, पण आधी हौसाताईंचं भांडण सांगतो.

हौसाताई पाटील. 23 सप्टेंबर 2021 ला गेल्या, तेव्हा पंचाण्णव वर्षांच्या होत्या. येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. नाना तलाठ्याची नोकरी सोडून 1930 साली चळवळीत पडले आणि बेचाळीसनंतर भूमिगत झाले. लेक लहान असतानाच तिची आई गेलेली. सरकारनं घरदार, शेत जप्त केलं. नानांची भाषणं आपल्याला पाठ आहेत. पण घराला टाळं लागल्यावर लेकीला सांभाळणाऱ्या आजीनं चूल कुठं मांडली, हे कोणी विचारत नाही. असो, हे माझं जुनं दुखणं आहे.

तर भवानीनगरची पोलीस चौकी. आत बंदुका, आतच पोलीस. प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाला, तुफान सेनेला, बंदुका हव्यात. काय करावं? नवराबायको बनून चौकीसमोर भांडायचं ठरलं! बाई म्हणजे हौसाताई आणि मारणारा नवरा खोटा, चळवळीतलाच एक साथीदार. भर रस्त्यात त्यानं धरलं, बडवलं, वर हातात भला मोठा धोंडा उचलून ठारच मारतो म्हणाला. पोलीस सोडवायला बाहेर धावले. इकडे साथीदार मागनं आत शिरले आणि बंदुका घेऊन पसार! पुढं हौसाताईंनी त्या खोट्या नवऱ्याला फैलावर घेतलं, की नाटकच होतं तर एवढं जोरात कशाला मारलंस? खरं वाटायला नको का, हा त्यावरचा त्याचा बचाव. (हशा)

हसा. पुरुष मंडळी जरा जास्तच हसली, तेही बघितलं मी. पण हा डाव साधला कशामुळं? बायको रस्त्यात मार खाते यात कुणालाच नवल वाटलं नाही म्हणून. तिच्यावर संशय कोण घेणार? त्या दिवशी पोलिसांनी वहीत तिचं नाव कशाला लिहिलं असेल?

माझी आजी त्याच पट्ट्यातली, कृष्णाकाठची. झोपायच्या आधी दुरडीत पाचसहा भाकरी फडक्यात गुंडाळून, वर खर्ड्याची वाटी पालथी घालून मागच्या दाराशी ठेवायची. मी बघितलं ते 1965 च्या सुमाराला. पत्री सरकार संपून वीस वर्षं झाली होती! “कुणासाठी गं?” म्हटलं की, “असू दे की, तुला काय करायचंय.” सकाळी त्याच शिळ्या भाकरीचा कुस्करा आम्ही दुधातनं खायचो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता विषय.

स्वातंत्र्यसैनिकाच्या केंद्राच्या पेन्शनला पुरावा लागतो. तुरुंगवास सहा महिन्यांचा, बायकांना सवलत म्हणून तीन. भूमिगत असाल तर वॉरंट दाखवा, फरारी ठरवल्याचा कागद दाखवा, डोक्यावर बक्षीस होतं ते दाखवा. म्हणजे जी सापडलीच नाही, जिच्यावर संशयच आला नाही, तिच्याकडे कागद कुठला? काम जितकं चोख, तितका पुरावा कमी. आपलं इतिहासलेखनही याच खिडकीत उभं राहतं: दप्तर, खटले, वॉरंट. भाकऱ्या थापणारी, निरोप पोचवणारी, दारात बसून ‘इथं कोणी नाही’ म्हणणारी बाई त्यात यायची कशी? आता नव्वदीच्या पुढच्या ज्या उरल्यात, त्यांच्या सुना-नातींना विचारा, आत्ताच विचारा, फोनवर आवाज भरून ठेवा. तारखा चुकतील, चुकू देत. कागदावरच्या तरी कुठं सगळ्या बरोबर असतात? यावर आक्षेप आहेत, मला ठाऊक आहेत, उत्तरंही आहेत, पण अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत.

गोव्याचं राहिलंच! पोर्तुगीजांच्या तुरुंगातल्या साथीदाराला सोडवायला हौसाताई त्याची बहीण बनून भेटीला गेल्या, सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात लपवून. परतताना रात्रीची मांडवी आडवी, आणि बाईंना पोहता येत नाही. लाकडी पेटीच्या आधारानं पाण्यात... नको, हे दोन मिनिटांत उरकायचं नाही. पुढल्या वर्षी बोलवा. सत्कार नको, ती बारा मिनिटं मला द्या.