सव्वा महिना आणि चांदीचं बोंडलं

श्रोतेहो, नमस्कार. मी मिरजेत नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात सिस्टर आहे.

परवा तासगावच्या एका आजींनी मला दारातच अडवलं. "सिस्टर, सव्वा महिना झाला की! अजून नळीनंच दूध?" आणि पिशवीतून चांदीचं बोंडलं काढलं. "आमची सगळी ह्यावरच वाढली."

म्हटलं, आजी, तुमची बाळं पूर्ण दिवसांची. तुमची नात आली 29 आठवड्यांची. त्यात सव्वा महिना मिळवा, आत्ता कुठं 34 होतायत. खरं तर अजून पोटातच असायची ती.

गिळायला बाळ पोटातच शिकतं, गर्भजल गिळत असतं. पण तिथं श्वास घ्यायची जबाबदारी नसते. बाहेर आल्यावर चोखणं, गिळणं आणि श्वास, तिन्हींचा मेळ घालावा लागतो. तो साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या सुमाराला जमू लागतो, कुणाला त्याहून उशिरा. त्याआधी घाई केली तर दूध श्वासनलिकेत जायची भीती.

म्हणून नळी असतानाच आम्ही सराव सुरू करतो. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवतो, तीच कांगारू पद्धत. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तिथं ती सुरू झाली. मग आईनं दूध काढून घ्यायचं आणि रिकाम्या स्तनाला बाळ लावायचं. ते नुसतं चोखतं, त्याच वेळी नळीतून पोटात दूध जातं. चोखलं की पोट भरतं, हे त्याला हळूहळू उमगतं.

डॉक्टरांनी होकार दिला तेव्हा आजींचं बोंडलं मी उकळून घेतलं. बाळ जागं होतं, मूठ तोंडाकडे नेत होतं. त्याला जरा उभट धरलं आणि बोंडल्याची चोच खालच्या ओठाला नुसती टेकवली. ओतायचं नाही! जीभ बाहेर येते, बाळ आपलं आपण घेतं. बोटं फाकली, कपाळाला आठ्या पडल्या, दूध ओघळलं की थांबायचं. ओठ निळसर दिसले तर लगेच थांबून आम्हाला हाक मारायची. आणि मध, घुटी काही नाही, फक्त आईचं दूध. (वजनकाट्याकडे डोळे लावून बसणाऱ्या बाबांनाही मी हेच सांगते: आज किती मिली संपलं हे विचारू नका, कसं प्यालं ते विचारा.)

निम्मं दूध प्यायली आणि पोरगी झोपली. आजी चुळबुळल्या, "उरलेलं?"

"नळीनं."

"बरं," म्हणाल्या, आणि बोंडलं धुवायला स्वतःच उठल्या.