साचा आणि त्याचं अस्तर: कोल्ड प्रोसेस साबणासाठी काय निवडावं

नमस्कार. घरी कोल्ड प्रोसेस साबण, म्हणजे तेलात कॉस्टिकचं पाणी मिसळून, न शिजवता थेट साच्यात घट्ट होऊ दिलेला साबण, करणाऱ्यांच्या बैठकांमध्ये तेलांवर चर्चा होते, कॉस्टिकच्या हिशेबावर होते, सुगंधावर तर भरपूरच होते. साच्याचा विषय निघतो तो मात्र अगदी शेवटी, आणि तोही ‘कुठलाही चालेल, फक्त अॅल्युमिनियम नको’ एवढ्यावर मिटतो. मला हे मान्य नाही. साच्यात ओतल्यानंतरचे पहिले चोवीस तास साबण किती तापेल आणि किती लवकर निवेल, हे साचाच ठरवतो. रंग, पोत, साबण सुटून येणं हे सगळं त्या उष्णतेवर अवलंबून आहे. म्हणून आजचा सगळा वेळ मी साच्याला आणि त्याच्या अस्तराला देणार आहे.

आधी अॅल्युमिनियमचं बोलून टाकते, कारण तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. ते अॅल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हा वायू पेट घेणारा आहे. भांडं खराब होतं, साबण वाया जातो आणि वर आगीचा धोका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको, जस्ताचंही तेच होतं. दुधाच्या किंवा रसाच्या रिकाम्या खोक्यात साबण ओतायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण आतून चंदेरी दिसणाऱ्या खोक्यात प्लॅस्टिकच्या पातळ थराखाली अॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो. तिथे ओरखडा पडला की कॉस्टिक थेट धातूपर्यंत पोचतं. आतून पांढरं असलेलं खोकं घ्या. स्टेनलेस स्टील चालतं. प्लॅस्टिकमध्ये तळाशी त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असलेलं, म्हणजे एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलिन, बिनधास्त वापरा. पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक साधारण 70 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि साबण तेवढा सहज तापतो, तेव्हा त्या बाटल्या नकोत. काच कॉस्टिकला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ती वाकत नाही, आणि न वाकणाऱ्या साच्यातून साबण काढणं हे कष्टाचं काम आहे.

आता उष्णतेकडे येऊ. तेल आणि कॉस्टिकची क्रिया स्वतःच उष्णता देते. घट्ट लांबट साच्यात, म्हणजे लोफ मोल्डमध्ये, ती उष्णता मधोमध साठते. मिश्रण 60 ते 80 अंशांच्या दरम्यान पोचलं की ते पारदर्शक, व्हॅसलीनसारखं दिसू लागतं. हीच जेल अवस्था. पाणी कमी घातलं असेल तर ती गाठायला जास्त उष्णता लागते, पाणी जास्त असेल तर लवकर गाठली जाते. जेल झालेल्या साबणाचे रंग गडद आणि चमकदार येतात, तो लवकर घट्ट होतो. जेल न झालेला साबण फिकट, दुधाळ दिसतो आणि साच्यातून सुटायला वेळ घेतो. दोन्ही साबण तितकेच चांगले. घोळ होतो तो अर्धवट जेल झाल्यावर: मध्यभाग तापतो, कडा गार राहतात आणि वडी कापल्यावर मधोमध गडद गोल दिसतो. वापरायला त्यात काहीच वाईट नाही, पण मेहनतीनं केलेली रंगांची नक्षी त्या गोलात हरवते आणि ते पाहून खरंच वाईट वाटतं.

म्हणून साच्याची निवड करताना मी आधी विचारते: या साबणाला ऊब हवी की गारवा? ऊब हवी असेल तर लाकडी पेटीला तोड नाही. लाकूड उष्णता धरून ठेवतं. वर झाकण, भोवती जुना टॉवेल, एवढ्यावर एक किलो तेलाचा साबण कडेपर्यंत जेल होतो. झाकणाचा आणखी एक फायदा म्हणजे हवेशी संपर्क कमी होतो आणि वरच्या पृष्ठभागावर सोडा अॅशचा पांढरा थर कमी बसतो. दूध, मध किंवा साखर घातलेला साबण मात्र आपणहून भयंकर तापतो. असा साबण लाकडी पेटीत गुंडाळून ठेवला तर मधोमध भेग पडते, किंवा तो फुगून पेटीबाहेर येतो. त्याच्यासाठी पातळ भिंतींचा, अरुंद साचा घ्या, गुंडाळू नका, आणि जागा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

सिलिकॉनचे साचे सगळ्यांना आवडतात, कारण अस्तर लागत नाही. पण त्यांच्या दोन सवयी माहीत असाव्यात. नुसता सिलिकॉनचा लोफ मोल्ड भरला की त्याच्या लांब भिंती बाहेर फुगतात आणि वड्या पोटाळ येतात. त्यासाठी तो लाकडी चौकटीत बसवलेला घ्यावा. दुसरं म्हणजे सिलिकॉनच्या साच्यातून बाष्प फारसं बाहेर जात नाही. त्यामुळे साबण बाजूंनी बराच वेळ ओलसर राहतो. जेल झाला नसेल तर दोन ते चार दिवस थांबावं लागतं. घाई केली तर कोपरे साच्यालाच चिकटून राहतात. थंड झालेल्या कॉस्टिकच्या पाण्यात तेलाच्या वजनाच्या 1 ते 3 टक्के सोडियम लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचा क्षार) घातलं तर साबण लवकर टणक होतो आणि हा त्रास खूप कमी होतो. साबण जेल व्हावा म्हणून तापवलेल्या ओव्हनमध्ये सिलिकॉनचा साचा ठेवणाऱ्यांना साबणाच्या बाजूंवर बारीक पुरळासारखे बुडबुडे दिसतात. ते दोष साबणाच्या कृतीत शोधू नयेत.

लाकडी पेटीला अस्तर हवंच. नाहीतर कॉस्टिक लाकडात मुरतं, लाकूड वाकडं होतं आणि साबण निघत नाही. काही जण आतून खाण्याचं तेल लावतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण कॉस्टिक त्या तेलाचाही साबण करून टाकतं. पेट्रोलियम जेलीचा साबण होत नाही. तिचा पातळ हात पेटीला आतून दिला की अस्तर जागच्या जागी चिकटून राहतं. अस्तर म्हणून सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा कागद उत्तम. फ्रीझर पेपर, म्हणजे एका बाजूनं प्लॅस्टिकचा थर असलेला कागद, मिळत असेल तर त्याची चकचकीत बाजू साबणाकडे ठेवावी. मेणकागद टाळा: मेण वितळतं, कागद साबणात अडकतो आणि तुकड्या-तुकड्यांनी सोलावा लागतो. साधा, थर नसलेला बटर पेपरही ओला होऊन फाटतो. नेहमी साबण करणार असाल तर पॉलिएस्टरच्या जाड फिल्मचे तुकडे एकदाच मापानं कापून घ्या. धुवून पुन्हा वापरता येतात आणि त्यांच्या बाजूला साबण आरशासारखा गुळगुळीत निघतो.

कागद लावताना कोपऱ्यांच्या घड्यांमध्ये पडू नका. प्रत्येक सुरकुती साबणावर जशीच्या तशी उमटते. दोन पट्ट्या आडव्या-उभ्या टाका. समजा पेटी आतून 25 सेंटीमीटर लांब, 8 रुंद आणि 6.5 उंच आहे. एक पट्टी 25 सेंटीमीटर रुंदीची, ती आडवी जाईल: 8 अधिक दोन वेळा 6.5, म्हणजे 21, आणि दोन्हीकडे पकडायला थोडा कागद, म्हणून 28 लांब. दुसरी 8 रुंदीची आणि साधारण 45 लांब. रुंदी एखादा मिलीमीटर कमीच कापा, म्हणजे कडा वर दुमडणार नाहीत. बाहेर आलेला कागद क्लिपांनी पेटीला धरून ठेवा; साबण उचलताना तीच मूठ होते.

किती तेल घ्यायचं हाही साच्याचाच प्रश्न आहे. लांबी, रुंदी आणि भरायची उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि 0.7 नं गुणा. उत्तर तेलाच्या ग्रॅममध्ये येतं. वरच्या पेटीत एक सेंटीमीटर जागा सोडून 5.5 पर्यंत भरलं तर 1100 घनसेंटीमीटर, म्हणजे सुमारे 770 ग्रॅम तेल. ती वरची जागा सोडाच, साबण तापला की फुगतो. अडीच सेंटीमीटर जाडीच्या दहा वड्या होतील, आणि वाळल्यावर प्रत्येकीचं वजन थोडं उतरेल.

मघाशी एकीनं विचारलं, मिठाचा साबण लोफमध्ये करावा का? मी करू नका म्हणेन. भरपूर मीठ घातलेला साबण काही तासांतच इतका कडक होतो की सुरी लावताच त्याचे ठिकरे उडतात. त्याच्यासाठी सुट्या वड्यांचे साचे घ्या. नारळाच्या तेलाचं प्रमाण फार असलेला साबणही चोवीस तास न थांबता, हातमोजे घालून, कोमट असतानाच कापावा. उलट ऑलिव्ह तेलाचा साबण आठवडाभर मऊ राहिला तरी घाबरू नका. साचा दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग कागदाची टोकं धरून सावकाश वर ओढा. त्या वेळीही साबण त्वचेला झोंबणारा असतो, हातमोजे राहू द्या. आणि ज्या साच्यात एकदा साबण केला तो परत केकसाठी वापरू नका. सिलिकॉनमध्ये सुगंध धरून राहतो आणि लाकडात कॉस्टिक मुरलेलं असू शकतं. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘साबण’ लिहा आणि स्वयंपाकघराच्या कपाटाबाहेर ठेवा.